पित्ताशय काढल्यावर पोटदुखी खरंच जाईल का? ऑपरेशनआधीच अंदाज कसा बांधायचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "गॉलब्लॅडरमध्ये मल्टिपल कॅल्क्युलाय", म्हणजे पित्ताशयात बरेच खडे, असं छापून आलं की घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो काढून टाका, कटकट नको, दुसरा म्हणतो अजिबात हात लावू नका, अमक्याला ऑपरेशननंतर काहीच पचत नाही. आणि ज्याचं पोट दुखतंय त्याचा साधा प्रश्न मधल्यामध्ये राहून जातो, की हे काढल्यावर माझं दुखणं थांबणार आहे का.

मी जनरल सर्जन आहे, ही ऑपरेशनं करतो, तरी सांगतो: सगळ्यांचं थांबत नाही. नेदरलँड्समध्ये २४ हॉस्पिटलांनी मिळून १,०६७ पेशंटवर एक मोठा अभ्यास केला, २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात खडे आणि पोटदुखी दोन्ही असलेले लोक घेतले होते, त्यातल्या बहुतेकांचं पित्ताशय काढलं गेलं, आणि वर्षभरानं पोट अजिबात दुखत नाही असं म्हणणारे निघाले साधारण ६० टक्के. अमेरिकेत २०११ साली हजारभर पेशंटचा असाच एक अभ्यास झाला होता, तिथंही आकडा जवळपास तोच. "पूर्ण थांबलं का" ऐवजी "बऱ्यापैकी कमी झालं का" असं विचारलं तर आकडा चांगलाच वर जातो, पण १० पैकी ४ जणांना कुठंतरी काहीतरी दुखत राहतं हे खरं आहे, आणि त्यांचं ऑपरेशन बिघडलेलं असतं असं नाही, बहुतेक वेळा त्यांचं ते दुखणं मुळात खड्यांचं नव्हतंच.

आपण कुठल्या गटात बसतो याचा अंदाज आधी बांधता येतो. सोनोग्राफीवरून नाही बांधता येत, खडा एक आहे की दहा, ५ मिलिमीटरचा की १५ चा, यावरून दुखणं जाणार का हे कळत नाही. ते कळतं दुखण्याच्या वर्णनावरून, आणि ते वर्णन नीट गोळा करणं हे तुमचंच काम आहे, कारण ओपीडीत आमच्याकडे दहा मिनिटं असतात.

पहिली पायरी: हा लेख तुमच्यासाठी आहे का ते बघा

ताप आणि थंडी वाजून येणं, डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका, कळ पाच-सहा तास झाले तरी उतरत नाही, उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही असेल तर वाचणं बंद करा आणि कॅज्युअल्टी गाठा. पित्ताशयाला सूज, पित्तनळीत अडकलेला खडा किंवा स्वादुपिंडाला सूज, यांपैकी काहीतरी असू शकतं आणि तिथं "दुखणं जाईल का" हा मुद्दाच नसतो, तिथं पुढचा धोका टाळायचा असतो. खड्यांमुळे पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) झाला असेल आणि तो सौम्य असेल तर त्याच अ‍ॅडमिशनमध्ये पित्ताशय काढलेलं बरं, घरी जाऊन महिन्यानं येतो म्हणू नका, मधल्या काळात परत झटका येतो हे २०१५ च्या डच अभ्यासात स्पष्ट दिसलंय.

दुसरं, चाळिशी ओलांडली असेल, डायबेटिस-बीपी-सिगारेट यातलं काही असेल आणि छातीच्या खाली मधोमध जड दुखत असेल, घाम येत असेल, तर आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक पोटदुखीच्या वेषात येतो, आणि खिशात खड्यांचा जुना रिपोर्ट असला की सगळे, कधीकधी डॉक्टरसुद्धा, खड्यांवरच ढकलून मोकळे होतात.

तिसरा प्रकार बरोबर उलटा, खडे दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडले आणि तुम्हाला काहीच होत नाही. अशा लोकांपैकी वर्षाला फार तर १ ते ४ टक्क्यांना त्रास सुरू होतो, बाकीचे खड्यांसकट आरामात जगतात. दुखतच नाही तर कमी काय होणार? साधारणपणे अशांना ऑपरेशन लागत नाही. अपवाद आहेत, पित्ताशयाची भिंत कॅल्शियमनं कडक झालेली असणं, १ सेंटिमीटरच्या वरचा पॉलिप, ३ सेंटिमीटरच्या वरचा खडा, असं काही असेल तर कॅन्सरच्या धोक्यामुळे विचार वेगळा होतो. तिकडे उत्तरेत गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कॅन्सर जास्त आढळतो म्हणून तिथले सर्जन थोडे जास्त घाई करतात, ते तिथल्या हिशेबानं बरोबर असेल, पण तिकडच्या नातेवाईकाचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

दुसरी पायरी: दुखण्याचे दोन ढीग करा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. खडे असणाऱ्या बहुतेकांना एक दुखणं नसतं, दोन-तीन त्रास एकमेकांत गुंतलेले असतात आणि सगळ्यांना मिळून आपण "गॅस" म्हणतो. ओपीडीतलं बोलणं साधारण असं चालतं:

"काकू, दुखतं कुठं?"

"गॅस धरतो हो डॉक्टर, सगळीकडेच."

"शेवटचं जोरात कधी दुखलं? फक्त त्या दिवशीचं सांगा."

"गेल्या महिन्यात. भाचीच्या साखरपुड्याहून आलो, झोपले, आणि बारा-साडेबाराला उठूनच बसले. इथं," म्हणून त्या पूर्ण पंजा छातीच्या खाली मधोमध ठेवतात, मग तो उजव्या बरगडीवरून मागं फिरवत फऱ्यापर्यंत नेतात. "बसवेना, झोपवेना. येरझाऱ्या घातल्या. सोडा प्यायले, ओवा खाल्ला, काही नाही. उलटी झाली. शेवटी ह्यांनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं तेव्हा थांबलं."

"आणि ते रोजचं फुगणं, ढेकरा?"

"ते काय, ते तर माझं लग्न झाल्यापासून आहे."

झाले दोन ढीग. साखरपुड्याच्या रात्रीचं दुखणं एका बाजूला, लग्नापासूनचं फुगणं दुसऱ्या बाजूला. पहिलं जाण्याची शक्यता खूप चांगली, दुसरं ऑपरेशननंतरही बहुतेक तसंच राहणार, आणि हे काकूंना ऑपरेशनच्या आधी कळलं तर त्या नंतर "ऑपरेशन फुकट गेलं" असं म्हणणार नाहीत.

तुम्हीही असंच करा. एक वही घ्या किंवा मोबाईलमध्ये नोट उघडा आणि तीन-चार आठवडे प्रत्येक त्रासाची नोंद करा, सरासरी लिहू नका, "अधूनमधून दुखतं" असं तर मुळीच नको, एकेका वेळचं वेगळं लिहा. सुरू किती वाजता झालं, थांबलं किती वाजता, नेमकं कुठं, कुठं सरकलं, दहापैकी किती, हातातलं काम सोडावं लागलं का, मळमळ-उलटी, काय घेतलं आणि त्यानं किती वेळात फरक पडला, शौचाला जाऊन किंवा गॅस सरकून बरं वाटलं का. नमुना म्हणून दोन नोंदी:

मंगळवार. रात्री ११.४० ते २.१०. छातीखाली मधोमध, मग पाठीत उजवीकडे. ९/१०. दोनदा उलटी. साधी पेनकिलर घेतली, पाऊण तासात ४ वर आलं.

गुरुवार. दुपारी जेवल्यापासून संध्याकाळपर्यंत. बेंबीच्या भोवती, फुगल्यासारखं. ३/१०. काम चालू होतं. शौचाला जाऊन आल्यावर हलकं वाटलं.

एवढ्या दोन नोंदी जरी हातात आल्या तरी मला रिपोर्टपेक्षा जास्त कळतं. तीन-चार आठवड्यांत मोठी कळ आलीच नाही तर मागच्या दोन-तीन मोठ्या कळा आठवून लिहा, घरच्यांना विचारा, ज्या रात्री त्यांना उठवलंत ती रात्र त्यांना पक्की लक्षात असते.

तिसरी पायरी: पाच प्रश्न

वर सांगितलेल्या २०१९ च्या डच अभ्यासात पेशंट निवडायला पाच निकष वापरले होते. ते घरी बसून लावता येतात, मोठ्या कळेसाठी लावायचे, रोजच्या फुगण्यासाठी नाही.

दुखणं झटक्यानं आणि जोरात येतं का? म्हणजे येतं, जातं, मधले दिवस किंवा आठवडे अगदी ठणठणीत. रोज थोडं थोडं दुखणं हे खड्यांचं वागणं नव्हे.

किमान १५ ते ३० मिनिटं टिकतं का? खरी पित्ताशयाची कळ चढत जाते, वर जाऊन एकाच पातळीला धरून राहते आणि मग अर्ध्या तासापासून काही तासांत उतरते. पुस्तकात तिला कॉलिक म्हणतात पण आतड्याच्या मुरड्यासारखी ती सोडून-सोडून येत नाही. सेकंदभराची चमक, टोचल्यासारखं होणं, हे यात धरू नका.

जागा कुठली? छातीच्या खाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली. बऱ्याच जणांना वाटतं पित्ताशय उजवीकडे म्हणजे दुखणंही उजवीकडेच हवं, तसं नाही, मधोमध दुखणारे भरपूर असतात. बेंबीच्या खाली दुखत असेल तर मात्र पित्ताशयाला सोडा, दुसरीकडे शोधा.

पाठीत जातं का? उजव्या फऱ्याच्या खालच्या टोकापाशी.

साध्या पेनकिलरनं उतरतं का? हा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे पोट दुखलं की आधी सोडा, लिंबू-मीठ, मग पित्ताची गोळी, पेनकिलर कुणी घेतच नाही. आणि गंमत अशी की कळ तर दोन तासांनी आपोआपच उतरते, त्यामुळे शेवटी जे घेतलं त्याला श्रेय मिळतं आणि "मला अ‍ॅसिडिटीच आहे, सोड्यानं बरं वाटतं" हे वर्षानुवर्षं पक्कं होत जातं. म्हणून वेळ लिहायला सांगितलं. घेतल्यावर किती मिनिटांनी उतरलं ते बघा, आणि एकदा नाही, दोन-तीन कळांना बघा. फक्त किडनीचा त्रास, अल्सर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, दमा असं काही असेल तर कुठली पेनकिलर चालेल ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

पाचही "हो" असतील तर तुमचं दुखणं खड्यांचं असण्याची शक्यता दांडगी. पण तो अभ्यास नीट वाचला तर एक टोचणारी गोष्ट दिसते. एका गटाला हे निकष काटेकोर लावून निवडलं, दुसऱ्या गटाला डॉक्टरांच्या नेहमीच्या पद्धतीनं. वर्षभरानं पूर्ण वेदनामुक्त पहिल्या गटात ५६ टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के. म्हणजे नुसते पाच निकष लावून निकाल सुधारला नाही, ऑपरेशनं मात्र कमी झाली, ७५ ऐवजी ६८ टक्के. म्हणून पुढची पायरी लागते.

चौथी पायरी: जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडा

त्याच डच मंडळींनी नंतर दीडेक हजार पेशंटची माहिती एकत्र करून २०२१ साली बघितलं की सहा महिन्यांनी दुखणं खरोखर कमी कुणाचं होतं. सात गोष्टी वर आल्या: वय जास्त असणं, आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं नसणं, सुरुवातीलाच दुखण्याचा आकडा मोठा असणं, पाठीत जाणं, साध्या पेनकिलरनं कमी होणं, मळमळ असणं, आणि छातीत जळजळ नसणं.

यातला "सुरुवातीला जास्त दुखणं" हा मुद्दा लोकांना उलटा वाटतो, जास्त दुखतंय म्हणजे केस अवघड असं वाटतं, पण नाही, ज्याचं दहापैकी नऊ दुखतं त्याला कमी व्हायला जागा असते, आणि नऊ दुखणं हे सहसा फुगण्यानं होत नाही. आधीच्या पोटाच्या ऑपरेशनचं असं की सिझेरियन, अपेंडिक्स, गर्भाशय काढणं झालेल्यांना पोट दुखायची दुसरीही कारणं असू शकतात, याचा अर्थ त्यांनी ऑपरेशन करूच नये असा नाही, फक्त त्यांची वही जास्त बारकाईनं बघायची.

अमेरिकेच्या २०११ च्या अभ्यासातून आणखी चार गोष्टी घ्या, कळ महिन्यातून एकदा किंवा त्याहून कमी येणं, त्रास सुरू होऊन वर्षाच्या आतच असणं, एकेक कळ अर्ध्या तासापासून दिवसभराच्या आत आटोपणं, आणि सगळ्यात जोराची कळ संध्याकाळी किंवा रात्री सुरू होणं. ही सगळी जमेची बाजू. वेळेचा मुद्दा मला फार उपयोगी वाटतो, "झोपेतून उठवतं का" एवढं विचारलं तरी निम्मी भानगड सुटते.

आता खर्चाची बाजू. रोज दुखणं. शौचाला गेल्यावर बरं वाटणं, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, म्हणजे आयबीएसचा (चिडक्या आतड्याच्या त्रासाचा) कल. आंबट पाणी घशाशी येणं. आधीच पाठ, डोकं, सांधे असं सगळीकडे दुखत असणं, झोप नसणं, खूप चिंता किंवा डिप्रेशन चालू असणं. हे शेवटचं लिहिताना जपून लिहितोय, कारण "तुमच्या मनात आहे" हे वाक्य ऐकून ऐकून लोक वैतागलेले असतात. दुखणं खोटं नाहीच, पण अशा शरीरात वेदनेची यंत्रणा आधीच ताणलेली असते आणि एक अवयव काढल्यानं ती आपोआप सैल होत नाही.

तेलकटाचं काय? "वडापाव खाल्ला की पोट फुगतं" याला लोक खड्याचा पक्का पुरावा समजतात. त्यात तथ्य कमी. तेलकट खाल्ल्यावर जड होणं, ढेकरा येणं हे खडे नसलेल्यांनाही तितकंच होतं, अंदाज बांधायला त्याचा उपयोग नाही. जेवणानंतर तासा-दोन तासांनी वरच्यासारखी खरी कळ आली तर गोष्ट वेगळी. तसंच पित्ताशय गेलं की पित्ताचा त्रासही जाईल, म्हणजे अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी, आंबट उलट्या, अशा आशेनं येणारे खूप असतात. त्या अ‍ॅसिडिटीचा कारखाना जठरात आहे, पित्ताशय काढून तो बंद होत नाही.

पाचवी पायरी: दुसऱ्या ढिगावर आधी उपाय करून बघा

खर्चाची बाजू जड दिसत असेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी चार ते आठ आठवडे तो दुसरा त्रास नीट ट्रीट करून बघा. जळजळ असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं अ‍ॅसिड कमी करणारी गोळी रोज, सकाळी उपाशीपोटी, नुसती त्रास झाल्यावर नाही. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी, निघाला तर कोर्स पूर्ण. आयबीएस वाटत असेल तर त्याचं औषध, खाण्यातले बदल, गुडघे-पाठीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या पेनकिलरचा हिशेब.

यातून जे कमी झालं ते खड्यांचं नव्हतं, जे तसंच राहिलं तेवढंच ऑपरेशनच्या खात्यात टाका. आणि कधीकधी सगळंच कमी होतं, मग खडे तसेच ठेवून लोक मजेत राहतात.

एंडोस्कोपी सगळ्यांना लागते असं नाही. पण वय पंचेचाळीसच्या पुढे आणि त्रास नवा, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी, काळी शौच, गिळताना अडकतं, असं असेल तर एंडोस्कोपी केल्याशिवाय पित्ताशयाला हात लावू देऊ नका. जठराचा अल्सर किंवा त्याहून वाईट काही मागं राहून गेलं आणि बिचारं पित्ताशय निघालं, असं व्हायला नको.

सहावी पायरी: तपासण्या, थोडक्यात

सोनोग्राफी सहा-आठ तास उपाशी राहून केलेली असावी, नाहीतर पित्ताशय आकसलेलं असतं. त्यात खड्यांव्यतिरिक्त दोन गोष्टी बघा, भिंतीची जाडी आणि पित्तनळीची रुंदी. रक्तात एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणी. नळी रुंद किंवा एलएफटी बिघडलेली असेल तर ऑपरेशनआधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय, करून नळीत खडा नाही ना हे बघून घ्यायचं, कारण पित्ताशय काढलं आणि नळीतला खडा तसाच राहिला तर कळ जशीच्या तशी परत येते. कळ चालू असताना किंवा उतरल्यावर काही तासांत रक्त तपासता आलं तर उत्तम, दोन आठवड्यांनी सगळं नॉर्मल येऊन जातं.

सातवी पायरी: सर्जनशी बोलताना

वही घेऊन जा, पण सगळी वाचून दाखवू नका, दोन ढिगांचे दोन कागद करा. मग सरळ विचारा: "यातलं कुठलं जाईल आणि कुठलं राहील?" हा एक प्रश्न बाकी सगळ्यांना भारी आहे. जो सर्जन म्हणेल "हे जाईल, हे नक्की सांगता येत नाही, हे राहील," त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. "सगळं जाईल, बिनधास्त रहा" म्हणणाऱ्याला पुढचं विचारा, माझं रोजचं फुगणं पण?

दुसरा प्रश्न, थांबलो तर काय? ब्रिटनमध्ये २० हॉस्पिटलांत ४३४ पेशंट घेऊन हेच तपासलं, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना थांबून औषधं, २०२३ साली निकाल आला. १८ महिन्यांत दोन्ही गटांच्या दुखण्यात फारसा फरक दिसला नाही, आणि थांबलेल्यांपैकी २५ टक्क्यांनाच त्या काळात ऑपरेशन करावं लागलं. यात एक मेख आहे, ऑपरेशनच्या गटातही १८ महिन्यांत ६७ टक्क्यांचंच ऑपरेशन झालं होतं, तिकडच्या वेटिंग लिस्टमुळे वगैरे, त्यामुळे तुलना जरा पातळ झाली. मी यातून एवढंच घेतो, की कळा विरळ आणि सौम्य असतील तर थांबून बघणं हा वेडेपणा नाही. त्रास असलेल्यांमध्ये सूज, कावीळ, पॅन्क्रियाटायटिस अशी गुंतागुंत होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण १ ते ३ टक्के धरतात, ते मान्य असेल आणि पहिल्या पायरीतली धोक्याची लक्षणं पाठ असतील तर थांबा. गाव असं असेल की रात्री दोनला हॉस्पिटल गाठायला तीन तास लागतात, तर माझं मत बदलतं.

तिसरा प्रश्न धोक्याचा. मुख्य पित्तनळीला इजा होणं ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट, हजारात तीन ते पाच जणांना होते, कमी आहे पण शून्य नाही. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलला डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये देशातलं पहिलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन केलं, त्याआधी मोठा काप, आठवडाभर हॉस्पिटल, म्हणून लोक आणि सर्जन दोघंही दहादा विचार करायचे. आता दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं, हे चांगलंच झालं, फक्त विचार करणं त्याबरोबर कमी झालं.

खडे विरघळवायचं म्हणाल तर अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या फक्त छोट्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात, महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर पाचेक वर्षांत निम्म्यांना खडे परत होतात. पानफुटी आणि कुळथाचं पाणी लोक मुतखड्यासाठी घेतात, त्या वाटेचा पित्ताशयाशी संबंधच नाही. आणि ऑलिव्ह ऑइल-लिंबू पिऊन शौचातून पडलेले हिरवे गोळे फोटो काढून मला पाठवू नका, ते पोटात तयार झालेले साबणाचे गोळे असतात, सोनोग्राफीत खडे जागच्या जागी.

आठवी पायरी: ऑपरेशन झालं, आता मोजायचं कधी?

आदल्या दिवशी वहीत एक पान लिहून ठेवा, प्रत्येक त्रासाला दहापैकी आकडा. माणूस विसरतो, सहा महिन्यांनी "तेव्हा इतकं कुठं दुखत होतं" असं वाटायला लागतं.

पहिले दोन-तीन दिवस उजवा खांदा दुखतो, लोक घाबरतात, ते पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडनं छाती-पोटामधला पडदा चिडल्यामुळे असतं, चाललं-फिरलं की जातं. बेंबीचं भोक बाकीच्यांपेक्षा जास्त दुखतं. काहींना पातळ शौच होते, पित्त आता सतत आतड्यात पडतं म्हणून, बहुतेकांची काही आठवड्यांत बसते, नाही बसली तर त्यावर कोलेस्टिरामिन नावाची पावडर असते, डॉक्टरांना सांगा, सहन करत बसू नका. पहिल्या दहा दिवसांत मात्र दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, पोट फुगत असेल, ताप, कावीळ, तर त्याच दिवशी परत जा, पित्त गळत असू शकतं. फोनवर विचारत बसू नका.

खरा हिशेब तीन महिन्यांनी पहिला आणि सहा महिन्यांनी पक्का. तेव्हा दुखत असेल तर परत तीच वही उघडा आणि बघा कुठल्या ढिगातलं आहे. जुनीच कळ, तशीच रात्रीची, तशीच पाठीत जाणारी असेल तर नळीत खडा राहिलाय का बघायला एलएफटी, सोनोग्राफी, लागल्यास एमआरसीपी. जळजळ असेल तर जठराकडे. फुगणं आणि शौचाशी जोडलेलं असेल तर आतड्याकडे. आणि एक प्रकार नेहमी राहून जातो, एका बोटानं दाखवता येतं इतक्या नेमक्या जागी, बहुधा जखमेच्या जवळ दुखतं, आणि झोपून मान उचलत पोट घट्ट केलं की दुखणं वाढतं. ते आतलं नसतंच, पोटाच्या भिंतीतली नस असते, तिथं भुलीचं एक इंजेक्शन देऊन बघतात, आराम पडला की निदानही झालं आणि इलाजही.

सगळं नॉर्मल आलं तरी दुखतंय, म्हणून कुणी नळीच्या तोंडाची झडप कापू या म्हणालं तर नळी रुंद आहे का आणि एलएफटी बिघडलेली आहे का एवढं विचारा. दोन्हीचं उत्तर नाही असेल तर अमेरिकेत २०१४ साली २१४ जणांवर झालेल्या अभ्यासात झडप कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम पडला, आणि नुसतं कापल्याचं नाटक केलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. वर त्या प्रोसिजरनं पॅन्क्रियाटायटिस होऊ शकतो तो वेगळाच. तिथं सरळ नाही म्हणा आणि पोटविकार तज्ज्ञाला वही दाखवा, ऑपरेशनआधीच्या पानासकट.